बाबांचा डबा आणि छपाईतले दोष: कामाच्या नोंदी

९ जून

माळा आवरताना सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, पत्र्याचा बिस्किटांचा डबा खाली आला. आत पाकिटांचे कापून ठेवलेले कोपरे, सुटी टपाल तिकिटं, गंजका चिमटा आणि वहीच्या कागदाच्या पुड्या. पुड्यांवर बाबांचं तिरकं अक्षर: ‘दिल्ली’, ‘ग्वाल्हेर’, ‘राजा’. एका पुडीवर नुसतंच ‘बघणे’.

घरात पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला, यात किमती काही आहे का? माझा प्रश्न वेगळा होता. ‘बघणे’ म्हणजे काय बघणे? त्या पुडीत चौदा तिकिटं होती, सगळी वापरलेली, शिक्के पडलेली, दिसायला चारचौघींसारखी. बाबांना छपाईतल्या चुका शोधायचा नाद होता, एवढंच मला माहीत. भिंग लावून ते नातवाला काहीतरी दाखवत बसायचे. आम्ही मोठ्यांनी कधी वाकून पाहिलं नाही.

आणि आज मी काय केलं, तर मोजायला सोपं जावं म्हणून सगळ्या पुड्या एका ताटात ओतल्या. ‘बघणे’सुद्धा. एकूण ८६२ भरली. मोजून झाल्यावर लक्षात आलं की बाबांनी निवडलेली ती चौदा आता या ढिगात कुठेतरी आहेत आणि कोणती ते मला सांगता येणार नाही. फोटो काढला नव्हता. पुडी उघडली तेव्हा दोन मिनिटं नजर टाकली होती, त्यातलं एकही आठवत नाही.

म्हणून ही वही. कुणाच्या घरी असा डबा निघाला तर निदान ही चूक तरी करू नका. आधी प्रत्येक पुडीचा फोटो, मग बाकीचं.

११ जून

कागदाला चिकटलेली १४० तिकिटं कोमट पाण्यात सोडली. अर्ध्या तासात सुटतात आपोआप, नखानं ओढायची नाहीत. पहिली दोन भांडी उत्तम गेली. तिसऱ्या भांड्यात एक लालसर पाकिटाचा कोपरा होता, त्याचा रंग पाण्यात उतरला आणि अकरा तिकिटं गुलाबी झाली. पुन्हा स्वच्छ पाण्यात ठेवून पाहिलं, गुलाबीपणा थोडा कमी झाला, गेला नाही. रंगीत पाकिटावरची आणि जांभळ्या शाईचा शिक्का असलेली तिकिटं वेगळी भिजवायची हे आता कळलं.

वाळवायला टिपकागदावर पालथी घातली. वर जाड पुस्तकं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सपाट झाली.

१४ जून

खरेदी. दहापट मोठं दाखवणारं भिंग ६५० रुपये, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पारदर्शक पट्टी २०० रुपये, टोकाला चपटा चिमटा १८० रुपये, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून काही वर्षांपूर्वीचा तिकिटांचा कॅटलॉग १,२०० रुपये. कॅटलॉग जुना असला तरी चालतो. किमती बदलतात, पण १९३१ साली छापलेल्या तिकिटावरचा दोष आज जागा बदलत नाही.

आधी वीसपट भिंग मागवलं होतं, ते परत केलं. त्यातून एका वेळी तिकिटाचा इतका छोटा तुकडा दिसतो की आपण कुठे आहोत हेच समजत नाही, शिवाय ते डोळ्याला आणि तिकिटाला इतकं जवळ धरावं लागतं की स्वतःचीच सावली पडते.

सगळं मांडून बसले आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. पुढचा पाऊण तास कपाटाखाली झाडू घालण्यात गेला. ८५८ परत मिळाली, चार गेली. केरातही दोनदा शोधलं.

१८ जून

दोष शोधायला सुरुवात करण्याआधी चार दिवस नुसतं वर्गीकरण केलं. कंटाळवाणं वाटतं, पण याशिवाय पुढचं सगळं फुकट जातं. कारण दोषाचा प्रकार छपाईच्या पद्धतीवर ठरतो.

भिंगाखाली फरक असा दिसतो. उठावाच्या ठशावरून छापलेल्या तिकिटात, ज्याला टायपोग्राफी म्हणतात, प्रत्येक रेघेच्या काठावर शाई दाबून बाहेर आलेली असते, काठ मधल्या भागापेक्षा गडद. कधी पाठीवर अक्षरांचा दाब बोटाला लागतो. लिथोत, म्हणजे सपाट ठशावरच्या छपाईत, शाई सपाट बसते, काठ असा वेगळा दिसत नाही. फोटोग्राव्हरमध्ये, म्हणजे कोरलेल्या बारीक खळग्यांतल्या शाईनं होणाऱ्या छपाईत, सगळं चित्र बारीक जाळीतून आल्यासारखं दिसतं आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या.

‘राजा’ पुडीत बहुतेक पाचव्या जॉर्जची डोकी. तीच चित्रं आधी लंडनला छापली जात, मग १९२६ पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. चित्रावरून फरक ओळखणं मला जमलं नाही. वॉटरमार्कवरून, म्हणजे कागदातच असलेल्या पुसट खुणेवरून, जमतं: लंडनच्या तिकिटात एकच चांदणी, नाशिकच्या कागदात चांदण्याच चांदण्या. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून वर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे चार थेंब, की दोन सेकंद चांदणी गडद दिसते. खिडकी उघडी, गॅस बंद, पंखा अर्थातच बंद. १९५२ च्या संतकवींच्या संचातलं मीराबाईचं तिकीट यात घातलं नाही, कारण फोटोग्राव्हरच्या शाईवर अशा द्रवांचा भरवसा नसतो.

लंडन आणि नाशिक यांचे ठसे वेगळे. दोघांना एका गठ्ठ्यात ठेवून दोष जुळवत बसणं म्हणजे दोन वेगळ्या वर्गांच्या हजेरीपटात एकच मुलगा शोधणं.

‘दिल्ली’ पुडी म्हणजे ९ फेब्रुवारी १९३१ चा नवी दिल्लीच्या उद्घाटनाचा संच. सहा किमती: पाव आण्यावर पुराना किला, अर्ध्या आण्यावर युद्धस्मारकाची कमान म्हणजे आपलं इंडिया गेट, एक आण्यावर कौन्सिल हाऊस म्हणजे आताचं जुनं संसद भवन, पुढे व्हाइसरॉयचा महाल, सचिवालय आणि एक रुपयावर स्तंभ. नाशिकलाच, लिथोनं, दोन रंगांत. माझ्याकडे ९३ आहेत, त्यात पाव आण्याची ३८, एक रुपयाचं एकही नाही.

आणि पाव आण्याच्याच तिकिटावर या संचातला नावाजलेला दोष आहे. ‘पुराना’तल्या रोमन पी अक्षराचं पोट गायब होऊन एफ झालेलं, म्हणजे ‘फुराना किला’. कॅटलॉगमध्ये नोंदलेला आहे. ३८ तिकिटं हातात असताना माणसाचं काय होतं ते सांगायला नको.

२२ जून

पहिली यादी तयार: ४३ ‘दोष’. रात्री एकपर्यंत बसले होते, फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. आज दिवसाउजेडी तीच यादी पुन्हा तपासली.

सात तर माझ्याच गुलाबी पाण्यातली निघाली, मी त्यांना ‘रंगछटेतला फरक’ असं लिहून ठेवलं होतं. नऊ ठिकाणी शिक्क्याच्या शाईचे शिंतोडे होते. शिक्क्याची शाई छपाईच्या शाईवर बसलेली असते, तिरक्या उजेडात तिची चमक वेगळी दिसते. काही ठिकाणी कागद खरवडलेला, तंतू वर आलेले. एका हिरव्या तिकिटाचा रंग निळसर वाटत होता, ते उन्हात पडलेलं असणार, कारण पाकिटाखाली झाकलेली कडा अजून हिरवीच आहे.

आठ तिकिटांत दोन रंग एकमेकांवर नीट बसलेले नव्हते, चित्र चौकटीतून जरा सरकलेलं. हा छपाईचाच प्रकार आहे, पण प्रत्येक शीटला कागद थोडा वेगळा बसला की होतो. कमी-जास्त सरकलेली तिकिटं ढिगानं मिळतात. ठशातला दोष हा नव्हे, तो प्रत्येक शीटवर त्याच जागी उमटतो.

एका तिकिटावर तिरकी पांढरी पट्टी होती. ती मात्र मजेशीर निघाली. छापताना कागदाला घडी पडलेली, घडीच्या आत शाई पोचली नाही, नंतर घडी उलगडली. ओढल्यावर तिकीट अर्ध्या मिलिमीटरनं रुंद होतं! ठेवलं आहे वेगळं. अपघात असला तरी देखणा आहे.

‘बोधिसत्त्वाचं चित्र उलटं’ असंही यादीत होतं, १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं. दोन तिकिटं, दोघांत मूर्ती आरशातल्यासारखी विरुद्ध बाजूला. ते कॅटलॉगमध्ये लगेच सापडलं: १९५० साली तेच तिकीट मूर्तीची बाजू बदलून पुन्हा काढलं. छापणाऱ्याचा यात काही संबंध नाही.

४३ पैकी उरली बारा.

२८ जून

आज या सगळ्या कामातला सर्वात आनंदाचा आणि लाजिरवाणा दिवस एकाच वेळी आला.

उरलेली बारा आणि त्यांच्या जोडीची तिकिटं स्कॅन करायला घेतली होती. घरच्या स्कॅनरवर, १२०० डीपीआयला. प्रत्येक तिकीट नेमकं त्याच जागी बसावं म्हणून पुठ्ठ्याचा काटकोन कापून काचेच्या कोपऱ्यात चिकटवला, म्हणजे नंतर दोन चित्रं एकमेकांवर ठेवून पाहायला सोपं. कल्पनेबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

कौन्सिल हाऊसच्या तिकिटांवर, छताच्या वर डावीकडे, एक काळा ठिपका. दुसऱ्या तिकिटावरही. तिसऱ्यावरही. रात्री साडेअकरापर्यंत नऊ तिकिटांवर तोच ठिपका, तंतोतंत त्याच जागी. कॅटलॉगमध्ये नाही! नवऱ्याला उठवलं. नऊ चित्रं एकाखाली एक लावून टिळक रोडजवळच्या ज्या काकांकडे अधूनमधून विचारायला जाते, त्यांना पाठवली. काका चाळीस वर्षं तिकिटं जमवतात.

सकाळी उठून व्हाइसरॉयच्या महालाची तिकिटं स्कॅन केली. तोच ठिपका. महालावर. त्याच जागी.

मग काहीही न ठेवता नुसती काच स्कॅन केली. पांढऱ्या पानावर एकटा ठिपका.

काचेच्या आतल्या बाजूला धुळीचा कण होता. पुठ्ठ्याच्या काटकोनामुळे प्रत्येक तिकीट बरोबर त्याच्यावर बसत होतं. काटकोन लावला नसता तर ठिपका प्रत्येक तिकिटावर वेगळ्या जागी पडला असता आणि मला पहिल्याच तासात कळलं असतं. दोन रात्री, सात तास. काकांचं उत्तर आलं: ‘स्कॅनर पूस.’

आता पद्धत अशी ठेवली आहे: प्रत्येक तिकीट दोनदा, दुसऱ्यांदा उलटं फिरवून. आणि स्क्रीनवर दिसलेलं काहीही भिंगाखाली स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत लिहायचं नाही.

३ जुलै

दोन स्कॅन एकमेकांवर ठेवून फरक काढायचा प्रयत्न. गिम्प हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात वरचा थर ‘डिफरन्स’वर टाकला की जिथे दोन चित्रं सारखी तिथे काळं आणि जिथे वेगळी तिथे उजळ दिसायला हवं. प्रत्यक्षात सगळं तिकीटच उजळ दिसलं, एखाद्या भुतासारखं. कारण कागद. भिजून वाळलेला कागद थोडा आकसतो आणि उभा-आडवा सारखा आकसत नाही. एका कोपऱ्यात जुळवलं की दुसऱ्या कोपऱ्यात सुटतं.

शेवटी साधी युक्ती चालली. तिकिटाचे चार तुकडे धरायचे, एका वेळी एकच तुकडा जुळवायचा आणि वरचा थर पटापट चालू-बंद करायचा. जे जागचं हलतं ते डोळा आपोआप पकडतो. तिकिटामागे दहा मिनिटं लागतात. मान दुखते.

६ जुलै

ग्वाल्हेरची पुडी. बाबांचं आजोळ तिकडचं, म्हणून ५७ तिकिटं. भारताच्या नेहमीच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव वरून छापायचे, रोमनमध्ये आणि देवनागरीत. चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जींद, नाभा, पतियाळा या सहा संस्थानांसाठी असं चाले. इथे चुका शोधणं नवशिक्याला सोपं, कारण हे खिळे जुळवून छापलेलं. चंबाच्या नावात दोन अक्षरांची अदलाबदल होऊन ‘चमाबा’सारखं काहीतरी झालेलं आहे, आणि ग्वाल्हेरच्या रोमन नावात ओ-च्या जागी सी पडलेला आहे. दोन्ही प्रसिद्ध आहेत. माझ्याकडे दोन्ही नाहीत.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या तिकिटांवर देवनागरी नावाच्या दोन लांब्या असतात, एक १३ ते १४ मिलिमीटर, दुसरी १५ ते १५.५. मोजून दोन गठ्ठे केले. सगळीच्या सगळी लांब गठ्ठ्यात गेली. शंका आली म्हणून पुन्हा पाहिलं तर मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी कडेला झिजलेली, शून्याची रेघच उरली नव्हती. मी काठापासून मोजत होते. आता १० च्या रेघेपासून मोजते आणि १० वजा करते. एक दुपार गेली.

दोन तिकिटांवर मात्र रोमन जी-चा खालचा पाय तुटलेला सापडला. दोन्हींवर सारखाच. चिमट्यानं वेगळी काढली.

१३ जुलै

पैसे घालवल्याची नोंद. ‘फुराना’ माझ्या ३८ मध्ये नाही, हे एव्हाना पक्कं झालं होतं. एकदा वाटलं होतं सापडलं, पण शिक्क्याची जाड रेघ नेमकी पी-च्या पोटावरून गेली होती. प्रखर उजेडात तिकीट हलवून पाहिल्यावर शिक्क्याखालून पोटाची गोलाई दिसली. पी-च.

मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडे दोषासकट तिकीट दिसलं, १,८०० रुपये. फोटोत एफ स्वच्छ. घेतलं. घरी आल्यावर टेबललॅम्प आडवा ठेवून, म्हणजे उजेड कागदावरून घसरत जाईल असा, पाहिलं. एफ-च्या शेजारी, जिथे पी-चं पोट असायला हवं तिथे, कागदाचे तंतू उभे. ब्लेडच्या टोकानं पोट खरवडून काढलं होतं. आजूबाजूचा कागद गुळगुळीत, तेवढीच जागा केसाळ. फोटो समोरून उजेड टाकून काढला की हे दिसतच नाही.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर: ‘आम्ही जसं मिळालं तसं विकतो.’ पैसे गेले. तिकीट ठेवलं आहे, कारण खरवडलेला कागद कसा दिसतो हे आता यापेक्षा चांगलं कुठे शिकणार.

तिकीट विकत घेण्याआधी आडव्या उजेडातला फोटो मागायचा. देत नसतील तर घ्यायचं नाही.

२० जुलै

बारा तिकिटांचा डबा घेऊन काकांकडे. स्कॅनरबद्दल आधी पाच मिनिटं हसून घेतलं त्यांनी.

मी कौन्सिल हाऊसचं एक तिकीट पुढे केलं. त्यावर पांढरी गोल कडी, मध्ये रंगाचा ठिपका, अगदी मेदूवड्यासारखी. मला खात्री होती.

‘जुळं आहे का याचं?’

‘आहे ना काका, हे बघा. दोन्हींवर एकाच जागी.’

त्यांनी भिंग न लावता आधी दोन्ही शिक्के वाचले. ‘अगं, दोन्ही मुंबईचे आणि एकाच आठवड्यातले. एकाच पेढीनं एका वेळी घेतलेल्या शीटांमधली असतील. लिथोच्या ठशावर कचऱ्याचा कण बसला की अशी कडी येते. पन्नास शीटं येते, मग कोणीतरी ठसा पुसतो आणि जाते. मला लाहोरचं आण. नाहीतर वर्षभरानंतरचं आण.’

हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. एकटं तिकीट म्हणजे अपघात, इतपत मी पोचले होते. पण जुळं असलं तरी ती एकाच घरची नसावीत, हा पुढचा टप्पा. काही जण अशा कड्याही हौसेनं जमवतात, त्यात वाईट काही नाही, पण त्याला ठशाचा कायमचा दोष म्हणायचं नाही. वहीत आता प्रत्येक तिकिटापुढे शिक्क्याचं गाव आणि महिना लिहायचा रकाना पाडला. शिक्का म्हणजे तिकिटावरची घाण, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

मग त्यांनी १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटाचं चित्र दाखवलं, कलकत्त्याला छापलेलं. लाल चौकट एकदा, निळं डोकं दुसऱ्यांदा. काही वेळा दुसऱ्या खेपेला कागद उलटा गेला आणि राणीचं डोकं खाली झालं. ‘ही चूक माणसाची,’ काका म्हणाले, ‘आणि तू शोधतेस तो दोष ठशाचा. दोन्हींना एकच शब्द वापरू नकोस, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल.’

बारातली तीन टिकली.

२७ जुलै

पावसानं कहर केला आहे. पारदर्शक पिशव्यांत ठेवलेली डिंकवाली कोरी तिकिटं एकमेकांना चिकटली, सहा जोड्या. सुटत नाहीत, भिजवली तर डिंक जाईल. साध्या प्लॅस्टिकमधून सगळी काढून कागदाच्या पुड्यांत घातली आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. बाबांनी वहीचा कागद का वापरला होता ते समजलं. या आठवड्यात दुसरं काही काम नाही.

३ ऑगस्ट

लाहोर मिळालं.

कौन्सिल हाऊसच्या गोल इमारतीभोवती खांबांची रांग आहे. डाव्या टोकाकडच्या एका खांबाच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा रंगाचा ठिपका, खांबाला गाठ आल्यासारखा. एक तिकीट मुंबईच्या शिक्क्याचं, १९३१ चा उन्हाळा. आज स्कॅन न करता, नुसत्या भिंगानं, उरलेली एकेक बघत होते आणि एका फाटक्या कोपऱ्याच्या तिकिटावर तीच गाठ. शिक्का अर्धाच आहे, पण ‘लाहोर’ची अक्षरं वाचता येतात आणि वर्ष ३२. दोन्ही तिकिटं फिरवून पाहिली, दिवा बदलून पाहिलं, मुलाला बोलावून त्याला काही न सांगता ‘यात सारखं काय आहे’ विचारलं. त्यानं खांबावर बोट ठेवलं.

फाटक्या कोपऱ्याला मागून पट्टी लावावी का, म्हणून तिकीट पालथं केलं. पाठीवर शिसपेन्सिलनं बारीक ‘१’. मुंबईचं पालथं केलं. ‘१’.

पेन्सिल पाण्यानं जात नाही. जून महिन्यात मी ही तिकिटं पालथीच वाळत घातली होती, पाठ वर करून, आणि त्यांवर पुस्तकं ठेवली होती. दोन महिने फक्त चेहरे बघत बसले.

४ ऑगस्ट

८५८ तिकिटांच्या पाठी पाहायला सव्वातीन तास लागले. आकडे असलेली बारा सापडली. दोघांवर १. दोघांवर २, ती पाय तुटलेल्या जी-ची ग्वाल्हेरची. चारांवर ३, ती अर्ध्या आण्याची कमान, आणि त्यांत कमानीच्या वर एक रेघ तुटलेली आहे, आकडा पाहिल्यावर दोन मिनिटांत दिसली. तिघांवर ४. आणि एकावर ५, एकटंच. बाबा एकट्या तिकिटाला आकडा देणारे दिसत नाहीत, तेव्हा त्याचं जोडीदार पंख्याच्या दिवशी गेलेल्या चारांत असणार.

काकांना फोन केला. त्यांच्याकडे कौन्सिल हाऊसची एक कोरी जोडी आहे, उजव्या बाजूला शीटची कडा लागलेली. बघून सांगतो म्हणाले.

१० ऑगस्ट

काकांच्या जोडीतल्या उजव्या तिकिटावर खांबाला गाठ आहे. म्हणजे शीटच्या अगदी उजव्या टोकाचा उभा रकाना. ओळ कितवी ते त्या जोडीवरून ठरत नाही. वरची किंवा खालची कडा लागलेला तुकडा मिळाला तर ठरेल. वहीत लिहिलं: ‘१ आणा, कौन्सिल हाऊस, उजवा शेवटचा रकाना, ओळ बाकी.’

आजवरचा खर्च, खरवडलेल्या एफ-सकट, ४,०३० रुपये.

बारा तिकिटं पुन्हा त्याच पुडीत घातली, फोटो काढून. ४ आकड्याची तिन्ही पाव आण्याची आहेत, शिक्के मुंबई, नागपूर आणि एक न वाचता येणारा. चार संध्याकाळी बघते आहे. तिघांत काय सारखं आहे ते अजून दिसलेलं नाही. मुलालाही नाही.